कोंबडी मेली तर आधी फोन, मग खड्डा



परसात एका रात्रीत चार-पाच कोंबड्या मेल्या की आपण म्हणतो, "मानमोडी आली." मग उरलेल्या मरायच्या आधी कापून खायच्या, नाहीतर बाजारात पडेल त्या भावात विकायच्या. सावली तालुक्यातल्या वस्त्यांत हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि लहानपणी आमच्या चुलीवर शिजलेले खाल्लेही आहे.

मानमोडीचा माणसाला फारसा धोका नाही. पण बर्ड फ्लूनेही कोंबड्या अशाच पटापट मरतात. नुसते पाहून दोन्हींतला फरक जनावरांच्या डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही. तो प्रयोगशाळेतच कळतो.

हे दूरचे संकट नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट मेला. माणसांशी संघर्ष झाला म्हणून चंद्रपूरकडून तिकडे नेलेले हे वाघ. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि उत्तर आले : एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. पुढच्याच महिन्यात आपल्या जिल्ह्यात, ब्रह्मपुरी तालुक्यातील मांगली गावात कोंबड्या मेल्या. तिथेही तोच अहवाल.

तपासणी अशी होते. डॉक्टर कोंबडीच्या घशातून आणि शौचाच्या जागेतून कापसाच्या काडीने नमुना घेतात. तो बर्फाच्या डब्यातून पुण्याला आणि भोपाळला जातो. कोंबडी उन्हात कुजली तर नमुना कामाचा राहत नाही. म्हणून त्याच दिवशी १९६२ या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. भोपाळचे यंत्र कितीही मोठे असो, आपल्या परसातली खबर त्याला आपणच द्यायची असते.

एक मावशी मला म्हणाली, "फोन केला तं सरकार साऱ्याच कोंबड्या मारून टाकीन ना बाई!" तिची भीती खरी आहे. रोग निघाला तर १ किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या मारून पुरतात आणि १० किलोमीटरपर्यंत लक्ष ठेवतात. कोंबड्या म्हणजे बाईचा हातखर्च, मुलांच्या वह्या. पण भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या कोंबड्यांची. रोगाने आधीच मेलेल्यांची नाही. लपवले तर दोन्हीकडून नुकसान. पंचनाम्यात कोंबड्यांचा आकडा बरोबर लिहून घ्या.

माणसाला हा रोग क्वचित होतो, पण झाला तर जीवघेणा ठरू शकतो. २०२५ मध्ये आंध्र प्रदेशात दोन वर्षांची मुलगी यानेच गेली. तिने कच्च्या कोंबडीचा तुकडा खाल्ला होता. कोंबडी कापताना शेजारी बसलेल्या लेकराच्या हातात गंमत म्हणून तुकडा देणे बंद करा. निरोगी कोंबडी नीट शिजवून खायला हरकत नाही. आजारी कोंबडी कापूच नका, कारण शिजण्याआधी पिसे आणि रक्त आपल्याच हाताला लागते.

कोंबड्या मेलेल्या घरात कुणाला ताप, खोकला, धाप लागली तर दवाखान्यात पहिले वाक्य हेच सांगा : "आमच्याकडे कोंबड्या मेल्या." ते कुणी सांगितले नाही तर आम्ही नर्स-डॉक्टर साधा ताप समजून गोळ्या देतो आणि रुग्णाचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेपर्यंत पोचतच नाही.

आता खड्ड्याचे. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडायला सांगितले. तरी आजही गावात काही मेले की अनेकांची नजर आधी आपल्या वस्तीकडे वळते. हे काम कुणा एका जातीचे नाही. मजुरीवर कुणी गेलाच, तर हातमोजे, मास्क, चष्मा आणि गमबूट मिळाल्याशिवाय मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये. त्यानंतर १० दिवस ताप-खोकल्याची चौकशी आरोग्य खात्याने करायची असते. आपले नाव त्या यादीत लिहिले का, ते कामावरून घरी यायच्या आधी विचारून घ्यावे.