‘साताऱ्याहून’ फोडताना

अरे, सोमवारी तू स्वारगेटच्या ऑफिसात रुजू होशील आणि पहिल्याच आठवड्यात एखादी जुनी प्रवास-मार्गदर्शिका तुझ्या पुढ्यात येईल. एक्सएमएलमध्ये बांधलेली, जाडजूड, आणि सोबत निरोप : गावांची नावं नवी करा, वेबची एक आणि छपाईची एक अशा दोन प्रती काढा. शेजारचा कुणीतरी म्हणेल, ‘त्यात काय, शोधा-आणि-बदला मार की!’ मान डोलाव, पण मारू नकोस.

उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर २०२३ मध्ये झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४ मध्ये. पण औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे, आणि त्याचं नाव कुणी बदललेलं नाही. पुस्तकात जागोजागी नुसतं ‘नगर’ असं लिहिलेलं असणार. ते सरसकट बदललंस तर मुकुंदनगर, शिवाजीनगर आणि नगरसेवक, तिघांचीही वाट लागेल. शिवाय १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली, हे वाक्य पुस्तकात असलंच तर तिथं जुनं नाव ठेवायचं की नवं, हा निर्णय संपादकाचा आहे. तुझ्या प्रोग्रामचा नाही. म्हणून नियम अक्षरांवर लिहायचा नसतो, टॅगवर लिहायचा असतो. ‘स्थळ’ या टॅगमध्ये आहे का, त्याचं मूळ नाव कोणतं, ते ऐतिहासिक संदर्भात आलंय का, हे विचारून मग हात लावायचा.

टॅगची नावं देवनागरीत असली तर बिचकू नकोस. एक्सएमएलची शिफारस १० फेब्रुवारी १९९८ ला आली तेव्हापासून ‘स्थळ’, ‘फेरी’, ‘टीप’ अशी नावं त्यात चालतात. ज्या एक्सक्वेरी भाषेत तू हे काम करशील तिच्यातली फंक्शनंही मराठी नावाची चालतात. मला ती वाचायला सोपी जातात. तुझ्या टीममधल्या बाकीच्यांना जातील का, ते विचारून घे.

आता मुख्य गोष्ट. असं रूपांतर करायला खरी बांधलेली भाषा एक्सएसएलटी. ती १९९९ च्या नोव्हेंबरातली. एक्सक्वेरी शोधण्या-विचारण्यासाठी जन्मली, क्विल्ट नावाच्या प्रस्तावातून. तो मांडणाऱ्यांत डॉन चेंबरलिन होता, म्हणजे एसक्यूएलच्या दोन जनकांपैकी एक. एक्सक्वेरीची पहिली आवृत्ती आणि एक्सएसएलटीची दुसरी एकाच दिवशी मान्य झाल्या, २३ जानेवारी २००७ ला, आणि दोघींच्या पोटात नोड शोधणारी एक्सपाथ ही भाषा तीच आहे. तरी स्वभाव वेगळे. स्वारगेटच्या स्टँडवर जरा उभा राहून बघ. कोल्हापूरची गाडी आत शिरते आणि आपली आपण ठरल्या फलाटाला लागते. एक्सएसएलटीत नियम असे फलाटांसारखे मांडून ठेवलेले असतात, नोड आपला फलाट शोधतो. एक्सक्वेरीत फलाट आहेत, पण फाटकावर नियंत्रक तुला उभा करावा लागतो. तो प्रत्येक गाडीची पाटी वाचतो आणि तिला धाडतो. त्याचं नाव टाइपस्विच. तो एका फंक्शनमध्ये बसव, आणि प्रत्येक नियमाच्या आत त्या नोडच्या मुलांसाठी पुन्हा त्याच फंक्शनला हाक मार. नियमांनी चालणारं रूपांतर एक्सक्वेरीत करायची ही सर्वमान्य पद्धत. हाक मुलांना मारायची हं. चुकून त्याच नोडला मारलीस तर प्रोग्राम स्वतःलाच बोलवत राहील आणि स्टॅक भरेपर्यंत थांबणार नाही.

मग एक्सएसएलटीच का नको, हे विचारशीलच. कारण पुस्तकं एक्झिस्ट किंवा बेसएक्ससारख्या डेटाबेसात बसलेली असतात आणि तिथली घरची भाषा एक्सक्वेरी. संस्कृत ग्रंथांचा ‘सरित’ हा संग्रहही एक्झिस्टवरच उभा केला होता. शोधणं आणि मांडणं एकाच भाषेत झालं की काम सुटसुटीत होतं.

एक्सएसएलटीतून आलेल्या पोरांचा पाय जिथं हमखास घसरतो ती जागा दाखवून ठेवते. एक्सएसएलटीत सारख्याच तोलाचे दोन नियम लागू पडले तर सहसा शेवटचा जिंकतो. टाइपस्विचमध्ये पहिला जिंकतो, आणि नेमकेपणाला काही किंमत नाही. ‘कोणताही एलिमेंट’ हा नियम वर लिहिलास तर खालच्या ‘स्थळ’पर्यंत गाडी पोचतच नाही. नेमके वर, ढोबळ खाली.

दुसरं असं की टाइपस्विचला नाव कळतं, परिस्थिती कळत नाही. शिवाजीनगरचंच घे. तिथलं एसटी स्थानक २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हललं, रेल्वेचं मात्र जागेवर आहे. ‘स्थानक’ टॅग दोघांना एकच. म्हणजे त्या नियमाच्या आत जाऊन ‘प्रकार’ ॲट्रिब्यूट विचारावा लागणार : एसटी असेल तर वाकडेवाडीची टीप जोड, रेल्वे असेल तर सोडून दे. स्वारगेटलाही आता हे लागतं. २९ सप्टेंबर २०२४ ला भुयारी मेट्रो तिथवर पोचल्यापासून नुसतं ‘स्वारगेट स्थानक’ म्हटलं की कुठलं, असा प्रश्न येतो. प्रकार लिहिलेलाच नसेल तर अंदाज करू नकोस. यादी काढून संपादकाकडे पाठव.

यावरून डिफॉल्ट. एक्सएसएलटीत नियम नसलेल्या टॅगचं काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं : टॅग गळतो, आतला मजकूर उरतो. टाइपस्विचमध्ये डिफॉल्ट तुलाच लिहावा लागतो, त्याशिवाय भाषा पुढे जाऊच देत नाही. मला हे आवडतं, कारण माणसाला विचार करावा लागतो. जशीच्या तशी प्रत पुढे द्यायची असेल तर आधी ॲट्रिब्यूट दे, मग मुलं. उलटं केलंस तर चूक दाखवेल. आणि ‘मुलं’ म्हणजे सगळे नोड, नुसते एलिमेंट नव्हेत. एका तारकाचिन्हाच्या आळसापायी पानंच्या पानं मजकूर गायब होतो आणि टॅगांचा सांगाडा तेवढा उरतो. छपाईच्या प्रतीसाठी मात्र डिफॉल्टनं गप्प प्रत काढू नये, ओरडावं. अनोळखी टॅग दिसला की काम थांबव आणि त्याचं नाव छाप.

प्रोग्राम चालला, चूक एकही नाही, आणि बाहेर आलेली फाइल आत गेलेल्या फाइलसारखीच? बाकी काही बघू नकोस, नेमस्पेस बघ. फाइलवर टीईआय या टॅगिंगच्या मानकाचा नेमस्पेस असतो, तू तो जाहीर केलेला नसतोस, त्यामुळे तुझ्या एकाही नियमाला एकही नोड जुळत नाही आणि सगळे निमूटपणे डिफॉल्टमधून निघून जातात.

आता जरा बैस नीट, कारण पुढचं इंग्रजी पुस्तकांत मिळणार नाही. आपल्याकडे नावाला प्रत्यय चिकटतो. जुन्या फाइलींत ‘स्वारगेट’ टॅगच्या आत आणि ‘हून’ टॅगच्या बाहेर असतो. तुझ्या नियमानं नोड जसाच्या तसा न देता त्याची स्ट्रिंग करून दिली, की एक्सक्वेरी लागोपाठच्या दोन स्ट्रिंगांमध्ये स्वतःहून एक जागा सोडते. झालं ‘स्वारगेट हून’. वेबवर कुणाच्या लक्षात येत नाही, छापून आलं की वाचकांची पत्रं येतात. टेक्स्ट नोड टेक्स्ट नोडच ठेवलास तर ते जोडून बसतात, मध्ये जागा पडत नाही. म्हणून मजकुराच्या नियमात तोच नोड परत द्यायचा, आणि नवं नाव घालायचं झालं तरी टेक्स्ट नोड बनवूनच घालायचं.

उलटी आफतही आहे. कुणीतरी फाजील जागा काढायला प्रत्येक तुकड्यावर नॉर्मलाइझ-स्पेस चालवतो. ते फंक्शन दोन्ही टोकांच्या जागा कापतं, मग ‘स्वारगेट ते सातारा’ यातला ‘ते’ दोन्ही गावांना चिकटतो. ते चालवायचंच असेल तर अख्ख्या परिच्छेदाच्या नुसत्या मजकुरावर चालव, शोधसूचीसाठी वगैरे, तुकड्यांवर नाही. आणि तू प्रोग्राममध्ये दोन टॅग लिहून मध्ये नुसती एक जागा सोडलीस, तर एक्सक्वेरी ती मुळात गाळूनच टाकते. ती हवी असेल तर बाउंड्री-स्पेस राखायला सुरुवातीलाच सांगावं लागतं. बाहेर काढताना इंडेंटही बंद ठेव. सुबक दिसणारी फाइल सलग मजकुरात नको तिथं जागा घुसवू शकते.

नवं टॅगिंग तुझ्या हातात असेल तर अख्खा शब्द टॅगमध्ये घे, प्रत्ययासकट, आणि मूळ नाव व प्रत्यय ॲट्रिब्यूटमध्ये लिही. ‘साताऱ्याहून’ची फोड तरी कुठे करणार? सामान्यरूपात ‘सातारा’ उरतच नाही. ‘औरंगाबादेत’ तर त्याहून अवघड. टॅगची सीमा ‘द’ आणि मात्रेच्या मध्ये पडली तर मात्रा एकटी पडते आणि पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. त्याचं ‘संभाजीनगरात’ करायचं की ‘संभाजीनगरमध्ये’, हे नियमाला ठरवू देऊ नकोस. अशा जोड्यांचं कोष्टक संपादकाकडून घे आणि नियमानं त्यातून उचलावं, इतकंच.

साताऱ्याचा आणखी एक त्रास. ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टंकला जातो : नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे, तुलनेत वेगळे. नॉर्मलाइझ-युनिकोड पहिल्या तऱ्हेतले पोटभेद एकत्र करतं, पण जोडकवाल्याला हात लावत नाही. तो स्वतः बदलून घ्यावा लागतो. हे सगळ्यात आधी, वेगळ्या फेरीत कर.

फेऱ्या वेगळ्या ठेवायच्या म्हणजे एका फंक्शनचं फळ दुसऱ्याच्या हातात द्यायचं. पण एक लक्षात ठेव : नवा बांधलेला नोड आपलं जुनं घर विसरतो. त्याला ‘तुझा पालक कोण, तू कोणत्या प्रकरणातला’ विचारलंस तर उत्तर रिकामं येईल. जे काही वरच्या-आजूबाजूच्या संदर्भावर ठरतं ते मूळ नोडला विचारून घे, प्रत बांधायच्या आधी.

टिपांच्या क्रमांकाचंही तेच. इथं व्हेरिएबल वाढवत नेता येत नाही, एकदा ठरलं ते ठरलं. ‘माझ्याआधी किती टिपा?’ असं प्रत्येक टिपेनं विचारलं तर उत्तर बरोबर येतं, पण मोठ्या पुस्तकात प्रोग्राम रांगतो. आधी सगळ्या टिपांना एकदाच ओळीनं क्रमांक देऊन मॅप बनव आणि ती फंक्शनला दुसरा पॅरामीटर म्हणून देत जा. छापताना फॉरमॅट-इंटिजरला नमुना म्हणून देवनागरी शून्य दिलंस की ते १२, १३ असे आपले अंक काढतं. उलट दिशेनं मात्र मदत नाही. ‘१२’ला आकडा समजायला सांगितलंस तर एक्सक्वेरी तो चूक म्हणून फेकून देते. ट्रान्सलेटनं अंक आधी बदल, मग बेरजा-वजाबाक्या कर.

नियम वाढत चालले की टाइपस्विच लांबलचक होतो. ३.० आवृत्तीपासून फंक्शन हीच एक किंमत म्हणून हातात धरता येते. तेव्हा प्रत्येक नियमाची जोडी करता येते : हा नोड माझा का, हे सांगणारं एक फंक्शन आणि त्याचं काय करायचं ते सांगणारं दुसरं. अशा जोड्यांची रांग लाव, जुळलेली पहिली घे. छपाईसाठी एक रांग, वेबसाठी दुसरी. इथं शिवाजीनगरची परिस्थितीही ओळखीतच बसते, आत जाऊन विचारावं लागत नाही. हे छान आहे, पण यात वाहवत जाऊ नकोस. त्या रांगेला प्राधान्यक्रम, मग मोड, मग वारसा असं जोडत बसलास तर तू एक्सएसएलटीच पुन्हा लिहितोयस, आणि मायकेल के यांनी सॅक्सन या एक्सएसएलटी इंजिनात ते तुझ्यापेक्षा बरं लिहून ठेवलंय. ३.१ मध्ये ट्रान्सफॉर्म नावाचं फंक्शन आहे. ते तुझ्या इंजिनात चालत असेल तर एक्सक्वेरीतूनच एक्सएसएलटीला बोलाव आणि मोकळा हो. मला विचारशील तर नावं बदलणं, टिपा, सूची एवढ्याला टाइपस्विच पुरतो. छपाईची अख्खी मांडणी असेल तर एक्सएसएलटी बरी.

शेवटी स्थळसूची राहील. ती लावायला सांगितलीस की कळस, कवडीपाट, कसबा असा क्रम येईल, कारण युनिकोडात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर बसलाय. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर, म्हणजे कवडीपाट, कसबा, कळस. कोलेशनमध्ये मराठी सांग, पण सांगून थांबू नकोस. इंजिनाकडे मराठीचा क्रम नसेल तर गुपचूप दुसरा वापरायची त्याला मुभा आहे आणि ते तुला कळवणारही नाही. ही तीन नावं चाचणीच्या फाइलमध्ये घाल, आणि ती नीट लागेपर्यंत सूची छपाईला देऊ नकोस.