पावसाच्या पाण्याचा जमाखर्च

धो धो पाऊस पडला की ओढे-नाले दुथडी भरून वाहतात. ते पाहून वाटते, यंदा विहिरींना पाण्याची ददात नाही. पण पुष्कळदा त्याच गावच्या विहिरी मार्चमध्ये तळ गाठतात! असे का व्हावे? याचे उत्तर हवे असेल, तर पावसाचा हिशेब मांडायला हवा.

प्रथम जमेची बाजू पाहू. पर्जन्यमापकात १ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, म्हणजे दर चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी पडले. समजा, शाळेच्या आवाराचे क्षेत्रफळ २,००० चौरस मीटर आहे आणि एका सरीत ३० मिलिमीटर पाऊस झाला. तर आवारात एकूण ६०,००० लिटर पाणी पडले.

यातले वाहून किती गेले? जमिनीवरून वाहून जाणाऱ्या पाण्याला ‘अपधाव’ म्हणतात. तो मोजण्याची एक सोपी युक्ती आहे. आवाराचे पाणी ज्या गटारातून बाहेर पडते, त्यात ९० अंश कोनाची खाच पाडलेली फळी आडवी बसवतात. फळीच्या थोडे मागे, खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजतात. उंची १० सेंटिमीटर असेल, तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर पाणी जाते. २० सेंटिमीटर असेल, तर सुमारे २५ लिटर. उंची दुप्पट, पण प्रवाह पाचपटीहून अधिक! म्हणून दर काही मिनिटांनी नोंद घ्यावी लागते.

आपल्या सरीत २० मिनिटे १० सेंटिमीटर आणि २० मिनिटे २० सेंटिमीटर उंची होती, असे धरू. तर ५,२८० आणि ३०,००० मिळून सुमारे ३५,००० लिटर पाणी वाहून गेले.

मग उरलेले २५,००० लिटर भूजलाला मिळाले का? नाही. काही पाणी डबक्यांतून वाफ होऊन उडते, काही मातीचे कण धरून ठेवतात, काही झाडांची मुळे शोषतात. मुळांच्याही खाली जे झिरपते, तेच भूजलाला मिळते. यालाच ‘पुनर्भरण’ म्हणतात.

हे पुनर्भरण विहिरीवरून कळते. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाण्याची पातळी मोजायची. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्ट या काळ्या पाषाणाचा आहे. त्याच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरातून विहिरीला मिळू शकणारे पाणी थराच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्केच असते. ते २ टक्के धरले आणि पातळी २ मीटर म्हणजे २,००० मिलिमीटर चढली, तर पुनर्भरण झाले अवघे ४० मिलिमीटर! (पावसाळ्यात उपसलेले पाणी यात वेगळे मिळवावे लागते.) ५०० मिलिमीटर पावसाच्या गावी हा हिस्सा झाला ८ टक्के.

आता याच गणिताची दुसरी बाजू पाहा. वाहून जाणाऱ्या पाण्यातले केवळ १० मिलिमीटर जास्त मुरवले आणि ते तिथेच टिकले, तर पातळी अर्धा मीटर वर येते. उतारावरचे समतल चर, गवत, बांध आणि नाल्यातले बंधारे हेच काम करतात: पाण्याला थांबवून मुरायला वेळ देतात. उलट, जमीन सिमेंटने झाकली की अपधाव वाढतो आणि पुनर्भरण घटते. मात्र रस्त्यावरचे तेलकट, घाण पाणी गाळल्याशिवाय विहिरीत सोडू नये. त्याने भूजल दूषित होते.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने असा हिशेब प्रत्यक्षात आणला आहे. तिथे पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसे आणि जनावरे यांचे पाणी राखून ठेवतात, आणि मग उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यायची ते ठरवतात. पाऊस कमी झाला, तर पिकेही बदलतात.

करून पाहा: दोन सारख्या पसरट डब्यांत माती भरा. एकीवर वाळलेले गवत पसरा, दुसरी उघडी ठेवा. दोन्ही सारख्याच तिरप्या ठेवून झारीने १-१ लिटर पाणी घाला आणि खालच्या कडेवरून वाहणारे पाणी मोजा. कोणत्या डब्यातून पाणी जास्त वाहिले? कोणते गढूळ होते? घराजवळच्या विहिरीची पातळीही दर महिन्याला वहीत टिपा. पण मोठ्या माणसाला सोबत घेऊन, आणि पूर आलेल्या ओढ्यापासून दूर राहूनच!