मॅटलॅबची सवय, पायथॉनचा ग्राफ

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर काय वातावरण असतं ते मी वेगळं सांगायला नको. गेल्या सेमिस्टरला माझे दोनच ग्राफ राहिले होते, आर-सी लो पास फिल्टरचा गेन आणि फेज. मॅटलॅब लॅबमधल्या मशीनवर, लॅबला कुलूप आणि मी रूमवर! लॅपटॉपवर होतं फक्त पायथॉन. रूम पार्टनर म्हणाली, "अगं, मॅटप्लॉटलिब टाक ना. कमांड त्याच आहेत."

खरंच त्याच होत्या. आणि त्याच आहेत असं समजल्यामुळेच दुसऱ्या दिवशी व्हायव्हात माझी फजिती झाली. तुमची होऊ नये म्हणून हा लेख.

आधी थोडा इतिहास. मॅटलॅब मुळात विद्यार्थ्यांसाठीच जन्माला आलं. १९७० च्या दशकाच्या शेवटी न्यू मेक्सिको विद्यापीठात क्लीव्ह मोलर यांनी ते लिहिलं. मुलांना फोरट्रान न लिहिता मॅट्रिक्सची गणितं करता यावीत, हा हेतू. १९८४ मध्ये त्याची कंपनी निघाली.

पुढे शिकागोमध्ये जॉन हंटर हे संशोधक एपिलेप्सीच्या पेशंट्सच्या मेंदूतले सिग्नल अभ्यासत होते. ते सिग्नल बघायच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स त्यांच्या लॅबमध्ये एकच! त्याची हार्डवेअर की सगळे पाळीपाळीने वापरायचे. (ओळखीचं वाटतंय ना?) हंटरनी आधी ते काम मॅटलॅबमध्ये करून पाहिलं. पण हॉस्पिटलचा नाना तऱ्हेचा डेटा त्यात सांभाळणं जड जाऊ लागलं, म्हणून ते पायथॉनकडे वळले. ग्राफ मात्र त्यांना मॅटलॅबसारखेच हवे होते. त्यातून २००३ मध्ये मॅटप्लॉटलिब आलं, सर्वांना फुकट. हंटर २०१२ मध्ये अवघ्या ४४ व्या वर्षी गेले. २०१९ मध्ये कृष्णविवराचं पहिलं चित्र जगाने पाहिलं, त्या कामातही त्यांची लायब्ररी वापरली गेली होती.

आता आपला ग्राफ. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी स्मॉल लेटर्स.) सुरुवातीला मॅटप्लॉटलिबमधलं पायप्लॉट 'पीएलटी' या नावाने आणि नमपाय 'एनपी' या नावाने इम्पोर्ट करायचं. मग मॅटलॅबच्या कमांडआधी हे नाव आणि टिंब लावत जायचं. प्लॉटचं पीएलटी.प्लॉट, सेमिलॉगएक्सचं पीएलटी.सेमिलॉगएक्स, लॉगस्पेसचं एनपी.लॉगस्पेस. एक्सलेबल, वायलेबल, टायटल, लेजंड, सगळी नावं तीच. लाल तुटक रेघेचं 'आर--' सुद्धा तसंच चालतं! ग्राफ स्क्रीनवर आणायला शेवटी पीएलटी.शो लागतं, एवढं लक्षात ठेवा.

माझ्या सर्किटमध्ये रेझिस्टन्स १ किलोओहम आणि कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड. म्हणजे कट-ऑफ साधारण १५९२ हर्ट्झ. तिथे गेन -३ डेसिबल आणि फेज -४५ अंश यायला हवा. १० ते १ लाख हर्ट्झपर्यंत गेन काढला, इमेज सेव्ह केली. त्याच प्रोग्रॅममध्ये खाली फेज काढला, तीही सेव्ह केली. पहिली इमेज नीट पाहिली, दुसरी न बघताच प्रिंटला दिली. सकाळी सरांनी शीट हातात घेतली आणि विचारलं, "या सर्किटला दोन फेज आहेत का?"

शीटवर दोन रेघा होत्या. एक -८९ पर्यंत जाणारी, दुसरी -३६ पर्यंत. वर टायटल 'फेज' आणि बाजूला 'अंश'. दुसरी रेघ म्हणजे गेनच होता!

झालं काय होतं? मॅटलॅबमध्ये नवा प्लॉट काढला की जुना पुसला जातो. राहायला हवा असेल तर आपण 'होल्ड ऑन' म्हणतो. मॅटप्लॉटलिबमध्ये बरोब्बर उलटं आहे. पुसायला सांगितलं नाही तर नवी रेघ जुन्यावरच बसते, टायटल तेवढं बदलतं. कमांडचं नाव आणलं, पण वागणूक थोडी वेगळी राहिली. म्हणून या चार गोष्टी वहीत लिहून ठेवा :

१) प्रत्येक नव्या ग्राफआधी पीएलटी.फिगर() लिहा.

२) मॅटलॅबमध्ये मोजणी १ पासून, पायथॉनमध्ये ० पासून. गंमत म्हणजे पीएलटी.सबप्लॉट(२, १, १) मध्ये मात्र मॅटलॅबसारखं १ पासूनच!

३) मॅटलॅबमध्ये एकेका आकड्याचा गुणाकार करायला टिंब-स्टार लागतो. नमपायमध्ये नुसता स्टार. घात मात्र टोपीने नाही, दोन स्टारने.

४) हात बसला की पीएलटी.सबप्लॉट्स() वापरायला शिका. ते फिगर आणि त्यातले अ‍ॅक्सेस आपल्या हातात देतं. मग 'शेवटचा ग्राफ कुठला होता' हे कॉम्प्युटरवर सोडावं लागत नाही. कुठली रेघ कुठे जाणार ते आपण ठरवतो. माझी चूक अशी लिहिली असती तर झालीच नसती.

"मग ऑक्टेव्ह का नाही?" असं कोणी विचारेल. तेही फुकट आहे आणि मॅटलॅबच्या अगदी जवळचं आहे. नुसतं सबमिशन उरकायचं असेल तर जरूर वापरा. पण पायथॉन पुढे प्रोजेक्टमध्ये सेन्सरपासून वेबसाइटपर्यंत सगळीकडे उपयोगी पडतं.

जुन्या सवयीमुळे माझा पहिला ग्राफ दहा मिनिटांत आला, आणि त्याच सवयीने दुसरा बिघडवला. तेव्हा ओळखीच्या कमांड बिनधास्त वापरा, पण प्रिंट काढण्याआधी कट-ऑफवर -४५ येतंय का ते एकदा बघा. सरांनी मला शीट पुन्हा द्यायला सांगितली. या वेळी मी ती लॅबची वाट न बघता रूमवरच काढली, आणि रेघ एकच होती!