पोटगीची मुदत आणि अठरावे वर्ष



बंगळुरूच्या कुटुंब न्यायालयात नव्याने उभ्या राहणाऱ्या वकिलाला पक्षकार पहिल्यांदा विचारतात तो प्रश्न म्हणजे मुलाच्या पोटगीची जबाबदारी बापावर किती काळ राहते. आणि ‘अठरा पूर्ण होईपर्यंत’ हे सर्वांच्या तोंडी बसलेले उत्तर इतके अपुरे आहे की त्यावर विसंबून कित्येक मुलींचा हक्क मागण्याआधीच सोडला जातो. अमेरिकेत ही मुदत राज्यागणिक बदलते, न्यूयॉर्कमध्ये ती एकविसाव्या वर्षापर्यंत जाते. भारतात मात्र ती मुख्यतः अर्ज कोणत्या केंद्रीय कायद्याखाली केला यावर ठरते, म्हणून कायद्याची निवड हेच वकिलाचे पहिले कर्तव्य होय.

सर्व धर्मीयांना लागू असलेला मार्ग पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होता आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. कोणी उपाशी, निराधार राहू नये एवढाच त्याचा हेतू असल्याने तेथे अज्ञान, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या, मुलालाच पोटगी मिळते. सज्ञान झालेल्या अपत्याला ती मिळण्यासाठी शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे किंवा इजेमुळे त्याला स्वतःचा निर्वाह करता येत नाही, हे दाखवावे लागते. १८९८ च्या जुन्या संहितेत वयाची ही अट नव्हती; ती १९७३ मध्ये आली.

हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ याची दृष्टी अधिक उदार आहे. त्याच्या कलम २० प्रमाणे अविवाहित मुलगी स्वतःच्या मिळकतीतून किंवा मालमत्तेतून निर्वाह करू शकत नसेल, तर सज्ञान झाल्यावरही तिला आईवडिलांकडून निर्वाह मागता येतो, आणि निर्वाहाच्या व्याख्येत तिच्या विवाहाचा वाजवी खर्चही येतो. हरियाणातील रेवाडीच्या एका प्रकरणात सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क मान्य केला. तथापि तो दंडाधिकाऱ्यापुढील कलम १२५ च्या अर्जात मिळणार नाही, त्यासाठी १९५६ च्या कायद्याखालीच दाद मागावी लागेल, असेही सांगितले. हक्क असूनही दार चुकल्यामुळे मुलीला रिकाम्या हाताने परतावे लागणे, ही वकिलाला अत्यंत लाजिरवाणी वाटावी अशी गोष्ट आहे.

मुलग्यांसाठी अशी स्पष्ट तरतूद नाही, आणि ही कायद्यातील खरी उणीव आहे. कारण कर्नाटकात मुलगा दुसऱ्या पीयूसीच्या (म्हणजे बारावीच्या) आणि सीईटी या प्रवेश परीक्षेच्या सुमारास अठरावे वर्ष ओलांडतो, आणि फी वाढते ती नेमकी तेव्हापासून. कर्नाटकातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये हे वास्तव ओळखले आणि मुलाची पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत वडिलांनी दरमहा १०,००० रुपये द्यावेत व त्यात प्रतिवर्षी १,००० रुपयांची वाढ करावी, असा आदेश दिला. तो त्या प्रकरणाच्या परिस्थितीवर आधारलेला असल्यामुळे सर्वत्र लागू होणारा नियम म्हणून त्याचा दाखला देऊ नये, परंतु युक्तिवादात तो अवश्य पुढे ठेवावा.

व्यवहारात दोन ठिकाणी विशेष सावध राहावे. कलम १४४ खालील थकबाकीच्या वसुलीसाठी वॉरंट हवे असल्यास रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, त्यामुळे ‘देईल हळूहळू’ अशा आशेवर पक्षकाराला बसू देऊ नये. परस्पर संमतीच्या घटस्फोटात तर घाईने एकरकमी आकडा लिहून मुलांचा विषय संपवला जातो. मुलांचा निर्वाह हा त्यांचा स्वतंत्र हक्क असून आईने तो त्यांच्या वतीने सोडून द्यावा असा नाही, म्हणून अशा मसुद्यात शिक्षणाचा खर्च पहिल्या पदवीपर्यंत आणि मुलीचा निर्वाह ती कमावती होईपर्यंत अथवा तिचा विवाह होईपर्यंत, असे शब्द स्वच्छपणे लिहून घ्यावेत, आणि ते वाचून समजावल्याखेरीज आईची सही घेऊ नये.