जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री आणि आरटीओचे नियम

वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून आपल्या शहराची गाड्यांशी सोयरीक अधिकच घट्ट झाली. गॅरेज, डेंटिंग-पेंटिंग, बॅटरी, सीट कव्हर या कामांत आपले असंख्य कारागीर आहेत. त्यातले अनेक जण हळूहळू जुन्या गाड्यांच्या सौद्यात उतरतात. गाडी ओळखण्यात आपला मिस्त्री सहसा फसत नाही. तो अडकतो तो कागदात. म्हणून या वेळी आम्ही कागदाविषयीच लिहीत आहोत.

बाजाराची रीत सर्वांना ठाऊक आहे. मालक गाडी देतो, पैसे घेतो आणि कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या करून मोकळा होतो. गिऱ्हाईक मिळेपर्यंत ते फॉर्म व्यापाऱ्याच्या गल्ल्यात पडून राहतात. एकाच सहीच्या फॉर्मवर गाडी तीन-चार हात फिरते. नाव बदलण्याचा खर्च वाचला, असे प्रत्येकाला वाटते. मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे मालक कोण, तर ज्याच्या नावाने नोंदणी आहे तो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात अशीच एक गाडी अनेकांच्या हातून गेली होती, नोंद मात्र पहिल्याच्या नावे राहिली. २००९ साली अपघात झाला. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच. ज्या माणसाने गाडी केव्हाच विकली, त्याच्या दारात नोटीस जाते, आणि तो रागाने व्यापाऱ्याच्या दुकानावर येतो. यात वाईटपणा कोणाच्या पदरी पडतो, हे सांगायला नको.

कायद्याने मुदती घालून दिल्या आहेत. कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमा कंपनीलाही घेणाऱ्याने १४ दिवसांत कळवावे. गाडीवर बँकेचे किंवा फायनान्सचे कर्ज असेल, तर ते फेडल्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम मोजू नये. मालक कितीही ओळखीचा असला तरी.

आता मुख्य गोष्ट. नव्या गाड्यांच्या विक्रेत्यांना ट्रेड सर्टिफिकेट फार पूर्वीपासून लागते. १९८९ च्या केंद्रीय नियमांनुसार ते १२ महिन्यांचे असे. २०२२ च्या दुरुस्तीने ते ५ वर्षांचे झाले. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला मात्र या नियमांत जागाच नव्हती. कायद्याच्या नजरेत तो ना मालक, ना विक्रेता. ही उणीव डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने भरून काढली आणि १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम लागू झाले. नियम केंद्राचे असले तरी त्यांचा अंमल राज्याच्या आरटीओकडे आहे, म्हणजे आपल्यासाठी एमएच-२० च्या कचेरीत. फॉर्म २९-ए भरून अर्ज करायचा आणि फॉर्म २९-बी मध्ये अधिकारपत्र मिळते. त्याची मुदत ५ वर्षे.

अधिकारपत्र असलेल्या व्यापाऱ्याकडे गाडी आली की फॉर्म २९-सी ऑनलाइन भरून तसे आरटीओला कळवायचे. तेव्हापासून तो व्यापारी त्या गाडीचा मालक समजला जातो. याचा फायदा असा की, नोंदणीचे नूतनीकरण, फिटनेस, हरवलेल्या आरसीची दुय्यम प्रत, एनओसी, नाव बदल हे अर्ज तो स्वतः करू शकतो. मूळ मालकाच्या मागे हिंडावे लागत नाही. पण मालकी आली की जबाबदारीही आली. दुकानात उभ्या असलेल्या गाडीचा गैरवापर झाला, तर "गाडी माझ्या नावावर नाही" हे उत्तर चालणार नाही.

म्हणूनच फेऱ्यांची नोंदवही महत्त्वाची आहे. ती इलेक्ट्रॉनिक ठेवायची असते. गाडी कोणत्या कामासाठी, कोणी, केव्हा बाहेर काढली ते तीत लिहायचे. गिऱ्हाइकाला चालवून दाखवणे, दुरुस्ती, रंगकाम, तपासणी यांसाठीच गाडी रस्त्यावर आणता येते. दुकानातील पोराने लग्नाच्या वरातीला गाडी नेली, तर ते यात बसत नाही! रंगकाम करणाऱ्या आमच्या कारागीर भाईंनीही व्यापाऱ्याकडून गाडी घेताना तारीख, वेळ व किलोमीटर लिहून घ्यावे. उद्या चौकशी झाली तर त्या दिवशी गाडी कोणाच्या ताब्यात होती हे त्या चिठ्ठीवरून कळेल.

चेसिस नंबर स्वतः डोळ्यांनी पाहावा आणि पेन्सिलने ठसा घेऊन आरसीशी ताडावा. नंबरच्या जागी घासलेले किंवा नवे वेल्डिंग दिसले तर सौदा तिथेच सोडावा, भाव कितीही गोड असो.

रिक्षांचा व्यवहार करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. रिक्षा विकली म्हणजे परमिटही विकले, असा समज फार पसरला आहे. परमिट दुसऱ्याच्या नावे करण्यासाठी कलम ८२ प्रमाणे परिवहन प्राधिकरणाची परवानगी लागते आणि तिचा अर्ज वेगळा असतो. ती मिळेपर्यंत परमिटचे पैसे रिक्षाच्या किमतीत धरून देऊ नयेत.