आजारी मूल आणि त्याचे घर

मूल फार आजारी पडले की आपण म्हणतो, 'त्याला इस्पितळात ठेवले आहे.' यातला 'ठेवले' हा शब्द मला खटकतो. वस्तू ठेवता येते. मुलाबरोबर मात्र त्याची आई, बापाचा बुडालेला रोज, गावी राहिलेली भावंडे, असे सारे घरच इस्पितळाच्या दारी येते. हे ओळखायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला.

दुसऱ्या महायुद्धानंतरही इंग्लंडमधील अनेक इस्पितळांत आईबापांच्या भेटीवर कडक बंधने होती. आई दिसली की मूल रडते, ती गेली की काही वेळाने शांत होते. तेव्हा तिने न येणेच बरे, असा समज होता. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एका चित्रपटाद्वारे या समजाला धक्का दिला. शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस इस्पितळात राहिलेली लॉरा नावाची सुमारे अडीच वर्षांची मुलगी त्यात दिसते. ती फारशी रडत नाही. पण घरी निघताना आईचा हात धरायला नकार देते. आईपासून तुटलेले मूल प्रथम आकांत करते, मग निराश होते आणि शेवटी अलिप्त बनते, असे रॉबर्टसन यांचे निरीक्षण होते. म्हणजे ज्याला शहाणे मूल म्हणून शाबासकी मिळे, ते खरे पाहता खचलेले असे. पुढे १९५९ साली सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने भेटीवरील बंधने उठवावीत, लहान मुलांच्या आईला सोबत राहू द्यावे, खेळाची व शिक्षणाची सोय करावी, अशा शिफारशी केल्या.

आपल्याकडे प्रश्न निराळा आहे. आई बहुधा मुलाच्या उशाशीच असते. पण तिला पाठ टेकायला जागा नसते. रक्ताच्या कर्करोगाचेच उदाहरण घ्या. त्याचा उपचार दोन वर्षांहून अधिक चालू शकतो. पुष्कळ दिवस मुलाला खाट लागत नाही, पण गावीही परतता येत नाही. औषधांनी रोगप्रतिकारशक्ती घटलेली असते. अशा मुलाला पदपथावर झोपावे लागले, तर जंतुसंसर्ग त्याचा जीव घेऊ शकतो. खर्चाला कंटाळून आईबापांनी अर्ध्यावर गाव गाठले, तर बरा होऊ शकणारा रोगही उलटतो. म्हणून निवारा हा मी दयेचा नव्हे, उपचाराचाच भाग मानते.

महाराष्ट्राला ही दृष्टी अपरिचित नाही. गाडगेबाबांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभारल्या. त्यांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण व त्यांचे नातेवाईक उतरतात. २००६ साली मुंबईत सुरू झालेल्या सेंट ज्यूड संस्थेच्या केंद्रांत कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांना विनामूल्य राहता येते. सामाईक स्वयंपाकघरात आई आपल्या हातचे जेवण रांधते. परमुलखात घरची चव मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, तीही याच विचाराची खूण. रोग समजेल अशा भाषेत सांगणे, मदतीचे अर्ज करणे, राहण्याची सोय पाहणे, ही कामे शल्यचिकित्सक करू शकत नाही.

आपणांपैकी कोणी डॉक्टर होणार नाही. पण अर्ज भरणे, औषधाच्या रांगेत उभे राहणे, मुलाला गोष्ट सांगत बसणे, एवढे आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना नक्की जमेल. तेवढ्या वेळात त्याची आई तासभर निजू शकेल.