स्टेनलेसच्या तारेला चुंबक का चिकटतो?

प्रश्न : चिकलठाणा एमआयडीसीत आमचं स्प्रिंगचं छोटं वर्कशॉप आहे. ३०४ म्हणून घेतलेल्या बारीक तारेला चुंबक चिकटतो. तीच तार लालभडक तापवून पाण्यात टाकली की चिकटत नाही. माल भेसळीचा आहे का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : चुंबक चिकटला एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. शुद्ध लोखंडात ९१२ अंशांच्या वरच दिसणारी अणूंची मांडणी या निकेलमुळे थंड पोलादातही टिकते. ती ऑस्टेनाइट. तिला चुंबक ओढत नाही. पण ८ टक्के निकेल म्हणजे जेमतेम पुरेल एवढंच. तार थंडपणी डायमधून ओढली की काही मांडणी मोडते आणि तिथे मार्टेन्साइट तयार होतो. तो चुंबकीय. तार जितकी बारीक ओढावी, तितका तो वाढतो. म्हणून एकाच मालाच्या सळईला चुंबक चिकटत नाही, तारेला चिकटतो.

१०५० अंशांच्या आसपास मार्टेन्साइटचा पुन्हा ऑस्टेनाइट होतो आणि झटकन थंड केल्यावर तसाच राहतो. तार साध्या लोखंडाची असती, तर ७७० अंशांना तिचं चुंबकत्व गेलं असतं खरं, पण थंड होताच परत आलं असतं. तुमच्या भट्टीने एवढी शंका तरी मिटवली.

तापवलं की चुंबकत्व जातं, हा मात्र सरसकट नियम नाही. बांधकामावर सळया बांधायची काळी तार भट्टीत नरम केलेली असते. ओढलेल्या कडक तारेपेक्षा ती सहज चुंबकीय होते. १९२४च्या न्यूयॉर्क–अझोर्स तारयंत्र केबलमध्ये तांब्याभोवती गुंडाळलेल्या पर्मलॉय या निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूच्या पट्टीचा चुंबकीय गुणही योग्य तापवण्यावरच अवलंबून होता.

आता खरी अडचण. निकेल कमी करून मँगनीज घातलेलं २०० मालिकेचं स्वस्त स्टेनलेसही नरम असताना चुंबकाला दाद देत नाही आणि ओढलं की थोडंफार चिकटू शकतं. गुलमंडीत पातेल्याला चुंबक लावून पाहणारं गिऱ्हाईक इथेच फसतं. ३०४ आणि २०० यांतला फरक चुंबकाने कळत नाही आणि भट्टीनेही नाही. त्यासाठी टेस्ट सर्टिफिकेट मागा, नाहीतर लॅबमध्ये स्पेक्ट्रो करून घ्या. आणि तयार स्प्रिंग चुंबकापायी लाल करू नका. चुंबकत्वाबरोबर तिचा कडकपणाही जाईल.